दात माझे, चिकन त्याचं

…आणि वर मला म्हणतो काय, तर "डॉक्टर, काही नाही हो, सोपं आहे." सोपं! अहो, सोळा वर्षं मी ह्या घराण्याचे दात सांभाळतोय, सासूबाईंच्या कवळीपासून आमच्या पोरीच्या तारांपर्यंत, सोळा वर्षांत कुणी मला सोपं की अवघड असं विचारलं नाही, आणि हा साडू एक रविवार शेगडीपुढे उभा राहतो काय, कोंबडी चार वेळा उलटतो काय, आणि अख्खं घराणं ह्याच्यावर खूश… तोंड उघडा. मोठं. अजून मोठं. हां. सुई टोचल्यासारखी वाटेल, तेवढंच. झालं. आता भूल चढायला पाच-सात मिनिटं लागतील, तोवर तुम्हाला सांगतो. तुम्ही बोलू नका. दुखलं-खुपलं की डावा हात वर करायचा, मी लगेच थांबतो. म्हणजे दाताचं थांबतो, गोष्ट चालू राहील.

तर मघाशी तुमच्या तोंडात आरसा घातला आणि मी काहीतरी विचारायला गेलो आणि गप्प बसलो, बघितलंत? आमच्या धंद्यात रीतच आहे तशी. पेशंटनं तोंड उघडलं, आरसा आत गेला, जीभ बाजूला सारली, की जुनं काम बघून पहिलं वाक्य, "अरेरे, हे काम कुणी केलंय?" मग मान हलवायची, एक उसासा टाकायचा. सगळे करतात. मीही बावीस वर्षं केलं. ह्या सोमवारपासून बंद केलंय. का, ते सांगतो, घाई करू नका. तशी तुम्हाला करताही येणार नाही म्हणा.

हा माझा साडू. बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. लिफ्ट दुरुस्तीचं काम करतो. माणूस वाईट नाही, तेच तर दुखणं आहे, वाईट असता तर चार शिव्या घालून मोकळा झालो असतो. सदा हसतमुख. आणि का नाही हसणार? बत्तीसच्या बत्तीस दात स्वतःचे, एकाला कीड नाही, एक वाकडा नाही, सोळा वर्षांत ह्या खुर्चीत एकदा बसलेला नाही. किती वेळा म्हटलं, "या हो एकदा, नुसते साफ करून देतो." तर म्हणतो, "कशाला डॉक्टर, चाललंय की." आणि माझ्यासमोर अक्रोड दाढेखाली धरतो आणि फोडतो. मुद्दाम नाही हो, तेवढा विचार तो करतच नाही. पण मला काय वाटत असेल?

आणि सासूबाई. मला "अहो डॉक्टर". "अहो डॉक्टर, बसा. अहो डॉक्टर, पाणी घ्या." जसा काही मी घर तपासायला आलोय. आणि त्याला? "अरे राजा, दमलास का रे?" राजा म्हणे. ज्या कवळीतून तो 'राजा' बाहेर पडतो ती कवळी कुणी बसवली? तीनदा माप घेतलं, दोनदा घासली, 'राजा' म्हणताना शिट्टी वाजू नये म्हणून पुढचे दोन दात परत लावले. म्हणजे तुम्हीच बघा, दात माझे आणि कौतुक त्याचं.

तर महिन्यापूर्वीचा रविवार. त्यानं सगळ्यांना आपल्या गच्चीवर बोलावलं, म्हणे हवाई पद्धतीचं चिकन करतोय. आता हवाई बेटं कुठं आणि हा कुठं? ह्यानं समुद्र पाहिलाय तो लिफ्टमधल्या जाहिरातीत. फोनवर कुणाचा तरी व्हिडिओ बघितला, झालं. जाऊन बघतो तर लोखंडी पिंप मधोमध कापून त्याची शेगडी केलेली, आत कोळसे, वर दोन जाळ्या एकमेकींना बिजागरीनं जोडलेल्या, मध्ये चिकन दाबलेलं, दोन्ही बाजूंना मुठी. मूठ धरली, फिरवली, की अख्खं चिकन एका झटक्यात पालथं. सगळं स्वतः बनवलेलं. आणि जाळी उलटताना ओरडायचं, "हुली!" हुली म्हणजे त्यांच्या भाषेत उलटा. तो म्हणणार "हुली", की सगळ्यांनी म्हणायचं "हुली". सासूबाई, वय वर्षं शहात्तर, गुडघे धरून चालतात, त्या खुर्चीतून अर्ध्या उठून ओरडत होत्या, "हुली!" माझ्या कवळीतून. मी नाही ओरडलो. मी म्हटलं, घसा बसलाय.

वास मात्र… खोटं कशाला बोलू. अननस, सोया सॉस, आलं, लसूण, टोमॅटो केचप, साखर, हे सगळं कोंबडीच्या अंगावर घट्ट होत जातं, कोळशावर थेंब पडला की चर्र होतं आणि असा काही धूर येतो की शेजारच्या गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्या बाई पाच मिनिटं एकच टॉवेल झटकत होत्या. मग वाढलं. मी एकेकाकडे बघत होतो. थोरली मेव्हणी तंगडी ओरबाडत होती, तो समोरचा दात माझा, वरची टोपी मी बसवलेली. आमची पोरगी, तिला मी स्पष्ट सांगितलंय की तारा आहेत तोवर हाडाला तोंड लावायचं नाही, ती हाड चोखत होती. सासूबाई एकच तुकडा पंचवीस मिनिटं चघळत होत्या आणि मध्येमध्ये म्हणत होत्या, "काय मऊ झालंय रे राजा." पंचवीस मिनिटं चघळताय तर मऊ कसं? पण नाही. दात माझे, कौतुक त्याचं.

ते सगळं मी गिळलं असतं. पण बायको. तुम्हाला सांगतो, माझी बायको तशी बोलून दाखवणारी नाही. मी केलेलं काही खाल्लं की म्हणते, "ठीक आहे." ऑम्लेट, ठीक आहे. सूप, ठीक आहे. लग्नाला सोळा वर्षं झाली, ठीक आहे. आणि तिथं तिनं पहिला घास घेतला, चावला, आणि डोळे मिटले. गच्च मिटले. मान किंचित वर, भुवया एकत्र, श्वास रोखलेला, एक हात गालावर. मग हळूच डोळे उघडले, त्यात पाणी. तिनं साडूकडे बघितलं आणि म्हणाली, "छान झालंय, भाऊजी."

डोळ्यात पाणी हो! माझ्या हातचं खाऊन आजवर तिच्या डोळ्यात पाणी आलं ते एकदाच, तेव्हा मिरपुडीच्या डबीचं झाकण निघालं होतं.

हात वर करायची गरज नाही, ते नुसतं पाणी उडतंय. गाल जड झाला? मग घेऊ या सुरू करून. आवाज येईल, घाबरू नका, माझा आवाज त्याच्यापेक्षा मोठा आहे.

घरी यायला गाडीत बसलो. ती म्हणाली, "अहो, मला जरा—" मी म्हटलं, "आलं जास्त होतं, नाही का गं?" ती म्हणाली, "असेल." दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना, "अहो, जरा बघता का—" मी म्हटलं, "थांब, मला एक सांग, तो साखर आधी घालतो की नंतर?" ती उठून गेली. मला वाटलं, साडूविरुद्ध ऐकवत नाही तिला. मी ठरवलं, बस, आता आपण करायचं. त्याच लोकांना बोलवायचं, तेच चिकन खायला घालायचं, आणि ही बाई माझ्या घासाला डोळे मिटते की नाही ते बघायचं. बाकी सगळ्यांनी नावं ठेवली तरी चालतील, तिनं डोळे मिटले पाहिजेत.

मग मी त्याला फोन केला. मन मारून, आवाज गोड करून. आणि तो माणूस, तुम्हाला खोटं वाटेल, त्यानं सगळं सांगितलं. एक गोष्ट लपवली नाही. "डॉक्टर, अननसाचा रस डब्यातलाच घ्या, ताजा घेऊ नका. आणि चार-पाच तासांवर भिजवू नका." मी फोन ठेवला आणि विचार केला, इतकं सरळ कुणी सांगतं का? काहीतरी गोम आहे. डब्यातला रस ताज्यापेक्षा बरा? कुठल्या जगात? मला खाली पाडायला सांगतोय. म्हणून मी मंडईत जाऊन चार अननस आणले, ताजे, हाताला वास येईल असे. आणि त्यानं पाच तास म्हटले ना, मी म्हटलं, आपण दोन दिवस. शुक्रवारी भिजवलं, रविवारी काढायचं. त्याच्या चिकनमध्ये चव वरवर होती, माझ्या चिकनच्या हाडात शिरेल.

इथं माझं शिक्षण कामाला आलं. त्यानं नुसतं वरून चोपडलं होतं. मी क्लिनिकमधली सिरिंज घेतली, नवी, कोरी, भीती नको, आणि प्रत्येक तुकड्यात चार-चार ठिकाणी मसाला आत सोडला. हळू, दाब न देता, जशी मघाशी तुम्हाला भूल दिली. पोरगी दारात उभी राहून म्हणाली, "बाबा, चिकन करताय की रूट कॅनाल?" बायको मागून आली, गालाला हात लावून. "अहो, वेळ आहे का जरा, मला—" मी म्हटलं, "दिसत नाही का, हात भरलेत." तिनं बघितलं माझ्याकडे. ते बघणं मला आता आठवतं. तेव्हा मला फक्त अननस दिसत होता.

रविवार आला. आमच्या मागच्या अंगणात शेगडी मांडली. सगळी मंडळी हजर. साडू येताना आपली ती बिजागरीची जाळी घेऊन आला, "डॉक्टर, वापरा हो, सोपं जातं." मी म्हटलं, "नको. माझी पद्धत वेगळी आहे." पद्धत काय, तर मी तोंडात घालायचा आरसा आणला होता. लांब दांड्याचा, हाच. जाळीच्या फटीतून खाली धरायचा, खालची बाजू भाजली का बघायची, आणि अगदी वेळेवर उलटायचं. चार वेळा उगाच हुली-हुली नाही. एकदाच, शास्त्रशुद्ध.

भिजवलेल्या भांड्याचं झाकण काढलं, तुकडे उचलायला गेलो, तर चिमट्यात नुसतं हाड आलं. स्वच्छ. मी इतकी स्वच्छ हाडं कॉलेजातसुद्धा पाहिली नव्हती. म्हटलं, वा, किती मऊ. बाकीचं चमच्यानं जाळीवर घातलं. चर्र झालं. आरसा खाली धरला, तर खालची बाजूच दिसेना. दिसणार कुठून? खालची बाजू कोळशात पडली होती. एकेक तुकडा वितळल्यासारखा फटीतून खाली उतरत होता, शांतपणे. अंगणभर धूर. सासूबाई सवयीनं म्हणाल्या, "हुली?" उलटायला वर काही राहिलंच नव्हतं.

तेव्हा साडूनं हळूच विचारलं, "डॉक्टर, अननस ताजा घेतला का हो?" ओरडून नाही, हसून नाही, अगदी माझ्या कानाशी, बाकीच्यांना ऐकू जाऊ नये म्हणून. "ताज्या अननसात काहीतरी असतं म्हणे, ते मांसच पचवतं. डब्यातला रस उकळलेला असतो, म्हणून तो चालतो." आता हे मला लिफ्टवाल्यानं सांगावं? मी अख्खं वर्ष जीवरसायन शिकलोय. आणि चांगुलपणा बघा, स्वतः आत गेला, भांड्यात राहिलेला सगळा लगदा कढईत घातला, परतला, रस आटवला आणि वाट्यांतून आणला. चमच्यानं खायचं. कोंबडीचं ते काय झालं होतं, त्याला नाव नाही.

मी मान खाली घालून बसलो. आणि तुम्हाला सांगतो, बायको खायला लागली. पहिला चमचा. मी चोरून डोळ्यांकडे बघतोय. उघडे. दुसरा चमचा. उघडे. पण चमचे थांबेनात हो. वाटी संपली. आणि तिनं वाटी पुढे केली, माझ्यापुढे, त्याच्यापुढे नाही, आणि म्हणाली, "अजून वाढा ना."

सोळा वर्षांत पहिल्यांदा. अजून वाढा. मी वाढलं. तिनं तिसऱ्यांदा घेतलं. माझी छाती अशी फुगली, मी साडूकडे बघितलं, म्हटलं, घे राजा. तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "अहो डॉक्टर, बरं झालं बाई. आज कवळी काढून जेवले." कवळी पाण्याच्या पेल्यात. माझी कवळी. म्हटलं, जाऊ दे, आज माझा दिवस आहे.

रात्रीपर्यंत थांबवेना, भांडी आवरतानाच विचारलं मी तिला. "आवडलं ना?" तर ती काय म्हणाली? म्हणाली, "महिनाभरात पहिल्यांदा पोटभर जेवले. चावावं लागलं नाही ना." मी म्हटलं, "म्हणजे?" "अहो, दाढ दुखतेय माझी. त्या दिवशी भाऊजींकडे तो गोड रस दाढेत गेला आणि अशी कळ आली की डोळ्यांपुढे काजवे चमकले. ओरडता येईना चारचौघांत. डोळे मिटून घेतले." मी ओला चमचा हातात धरून उभा. "मग मला सांगायचं नाही?" "तीनदा सांगायला आले. तुम्ही अननसाशिवाय दुसरं बोलतच नव्हता."

बघा. रस्त्यानं जाणारा माणूस कुठल्या बाजूनं चावतो ते मी लांबून सांगतो, आणि माझ्या ताटासमोर बसून ही बाई महिनाभर एका बाजूनं जेवत होती, गालाला हात लावून फिरत होती, आणि मला दिसलं काय, तर कौतुक. तेही दुसऱ्याचं. मला लाज वाटली. तुम्हाला म्हणून सांगतो, खरोखर लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सोमवारी सकाळी, पहिला पेशंट यायच्या आधी, तिला इथं आणलं. ह्याच खुर्चीत. म्हटलं, दुखलं की डावा हात वर कर. आरसा घातला, जीभ बाजूला सारली. खालची, मागून दुसरी दाढ. जुनं भरलेलं कडेनं निखळलेलं, खाली फट, फटीत कीड, इतकं गचाळ काम की माझं डोकंच फिरलं. आणि बावीस वर्षांची सवय हो, तोंडातून गेलंच, "अरेरे, हे काम कुणी केलंय?"

तिनं डावा हात वर केला. मी म्हटलं, "दुखतंय?" तिनं मान हलवली, नाही. तोंडात कापूस, बोलता येत नव्हतं. मग त्या हाताचं एक बोट बाहेर आलं, हळूहळू वळलं, आणि माझ्या छातीवर येऊन टेकलं.

मग तासभर काम केलं. कीड काढली, दाढ धुतली, कोरडी केली, थरावर थर भरला. इतकं जीव लावून मी परीक्षेतसुद्धा काम केलं नव्हतं. निळा कागद ठेवला, म्हटलं, चाव, घास, परत चाव. कुठं उंच लागतंय? जरा घासलं. परत चाव. तिनं दोन्ही बाजूंनी चावून बघितलं, जीभ फिरवली, आणि… डोळे मिटले. अलगद. कपाळावर आठी नाही, गालावर हात नाही. नुसता एक लांब श्वास. माझ्या कामाला! मी आरसा हातात धरून उभा, म्हटलं, मिळालं. सोळा वर्षांनी का होईना, मिळालं बुवा. आता ही डोळे उघडणार आणि काहीतरी बोलणार.

उघडले तिनं. माझा हात हातात घेतला, हसली, आणि म्हणाली, "अहो, ह्या रविवारी ताईकडे जाऊ या का? भाऊजींना तेच चिकन करायला सांगते. त्या दिवशी मला नीट खाताच आलं नाही."

…चावा. घासा. लागतंय कुठं? नाही ना? मग भरा चूळ. दोन तास काही चावायचं नाही. आणि रविवारी दुखलं तर फोन करू नका, मला उचलता येणार नाही. जाळीची एक मूठ मी धरणार आहे. त्याला मीच म्हटलं. घसा आता बरा आहे माझा.